एक्सआरएफ गनचे आकडे डळमळतात तेव्हा: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

"मशीन बिघडलंय, रिडिंग रोज वेगळं येतंय." हातात धरायच्या एक्सआरएफ गनबद्दल (तुकड्यावर क्ष-किरण टाकून त्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते सांगणारं यंत्र) ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ऐकतानाच हात कापडाच्या पुडीकडे जातो. बहुतेक वेळा गन ठीक असते. तिच्या नाकावरची फिल्म, समोरच्या तुकड्याचा पृष्ठभाग किंवा निवडलेला मोड यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. क्वचित गनही खरोखर बिघडते, आणि तेव्हा कुठे थांबायचं हे माहीत असणं फार महत्त्वाचं असतं, कारण आतमध्ये क्ष-किरणांची ट्यूब आहे.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा अनेक दिसत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- एकाच तुकड्यावर लागोपाठ पाच वेळा ट्रिगर दाबला तर सिलिकॉन, ॲल्युमिनियम किंवा फॉस्फरसचा आकडा पाचही वेळा वेगळा येतो; क्रोमियम-निकेल मात्र जागेवर असतात.
- ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं मॅग्नेशियम अर्धं होतं किंवा गायब होतं.
- ओळखीची 316 ची (स्टेनलेस पोलादाचा एक ग्रेड) पट्टी कधी 316 दाखवते, कधी "ग्रेड जुळत नाही".
- ज्या तुकड्यात तांबं किंवा जस्त असण्याचं काही कारण नाही, त्यात ते थोडं-थोडं दिसत राहतं.
- मातीत आर्सेनिक दिसतं, पण प्रयोगशाळेच्या अहवालात ते सापडत नाही.
- सकाळची पहिली काही रिडिंगं वाकडी येतात, नंतर सुधारतात.
- सुरुवातीची स्वयंतपासणीच नापास होते, किंवा काउंट्स (डिटेक्टरने मोजलेले किरण) कमी असल्याचा संदेश येऊन मोजणी मध्येच तुटते.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: गनसोबत आलेलं तपासणीचं कूपन, म्हणजे घटक आधीच माहीत असलेला धातूचा तुकडा, बरोबर वाचलं जातंय का? कूपन बरोबर आणि तुमचा तुकडा चुकीचा, तर दोष तुकड्यात किंवा मोजण्याच्या पद्धतीत. कूपनही चुकीचं, तर दोष गनमध्ये किंवा तिच्या नाकाशी. या एका प्रश्नाने निम्मं काम संपतं. तरी लोक तो शेवटी विचारतात, म्हणून मी सगळ्यांच्या आधी लिहितोय.

दुसरा प्रश्न: फक्त हलकी मूलद्रव्यं बिघडली आहेत, की जडही? प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचा किरण परत पाठवतं. ही ऊर्जा अणुक्रमांकाप्रमाणे वाढत जाते, हे हेन्री मोझलीने 1913 मध्ये दाखवलं आणि आपली गन आजही त्याच नियमावर चालते. मॅग्नेशियमचा किरण 1.25 केईव्हीचा (केईव्ही म्हणजे हजार ईव्ही, किरणाच्या ऊर्जेचं एकक), ॲल्युमिनियमचा 1.49 चा, सिलिकॉनचा 1.74 चा. क्रोमियम 5.41, लोखंड 6.40, निकेल 7.48, मॉलिब्डेनम 17.48. तळाचे तिघे इतके दुबळे की एक सेंटीमीटर हवेतच मॅग्नेशियमचा बहुतांश किरण विरून जातो. मॉलिब्डेनमला त्याच हवेचं काहीच वाटत नाही. त्यामुळे फक्त हलके घसरले असतील तर वाटेत काहीतरी आडवं आलंय असं समजा: मळ, तेल, हवेची फट, चुकीची फिल्म. हलके-जड सगळेच बिघडले असतील तर तापमान, ऊर्जेचं कॅलिब्रेशन, ट्यूब किंवा डिटेक्टरकडे (परत आलेले किरण टिपणारा भाग) बघावं लागतं.

1. कूपन पुसा आणि लावा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. कूपन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, गनच्या नाकाला सपाट लावा आणि नेहमीच्या मोडमध्ये नेहमीच्याच वेळेची पाच ते सात रिडिंगं घ्या. सरासरी कूपनच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहा. रिडिंगं आपापसात किती फाकतात तेही बघा. सरासरी सरकलेली असणं आणि आकडे विखुरलेले असणं हे दोन वेगळे आजार आहेत. सरासरी सरकली तर कॅलिब्रेशन किंवा आडकाठी. सरासरी बरोबर पण विखुरलेली, तर मोजणीचा वेळ कमी किंवा काउंट्स कमी.

हे आकडे वहीत लिहा, तारखेसह. रोजचं कूपन-रिडिंग लिहिलेली वही असेल तर सहा महिन्यांनी काय बिघडलं ते ती सांगते. नसेल तर कुणालाच सांगता येत नाही. आणि तुमचं काम ॲल्युमिनियमचं असेल तर फक्त स्टेनलेसच्या कूपनवर विसंबू नका. ते कूपन छान उतरेल आणि मॅग्नेशियम तरीही चुकत राहील, कारण त्या कूपनमध्ये हलकं असं मोजण्याजोगं फारसं नसतंच.

2. नाकावरची फिल्म

माझ्या अनुभवात हा सर्वांत मोठा गुन्हेगार. गनच्या तोंडावर एक पातळ प्लॅस्टिकची फिल्म असते, बऱ्याच गनमध्ये सुमारे 4 मायक्रॉन जाडीची पॉलिप्रॉपिलीन. बोटाचं तेल, ग्राइंडिंगची धूळ, कापण्याचं कूलंट यांचा थर बसला की ती जाडी दुप्पट-तिप्पट व्हायला वेळ लागत नाही. क्रोमियमला ते कळतही नाही. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम तिथेच अडकतात.

गन बंद करा, बॅटरी काढा, मगच नाक स्वतःकडे वळवून उजेडात बघा. डाग, सुरकुती, टाचणीएवढं भोक, चिकटलेला धातूचा कीस, यांपैकी काहीही दिसलं तर फिल्म बदला. पुसून वाचवण्याच्या नादी लागू नका. बदलताना तीन गोष्टी सांभाळा. फिल्म तुमच्या मॉडेलला सांगितलेलीच हवी. कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म मजबूत असते म्हणून लोक तीच सगळीकडे लावतात, पण ती हलक्या मूलद्रव्यांचा किरण जास्त खाते आणि मग कॅलिब्रेशन जुळत नाही. दुसरं, मधल्या भागाला बोट लावू नका. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: फिल्म काढल्यावर आत डिटेक्टरची स्वतःची खिडकी उघडी पडते. ती बेरिलियमची किंवा ग्राफिनची, काही मायक्रॉनची, अतिशय ठिसूळ असते. तिला कापूस लावायचा नाही, ब्रश लावायचा नाही, हवेचा फवारा तर मुळीच मारायचा नाही. एका फवाऱ्यात डिटेक्टर संपतो. शिवाय बेरिलियमची धूळ विषारी आहे. आत कीस पडलेला दिसला तर गन हळूच नाक खाली करून धरा. आपोआप पडला तर ठीक, नाही तर सर्व्हिसवाल्याकडे.

नको असलेलं तांबं-जस्त दिसण्याचं कारणही बहुधा इथेच असतं. पितळेचा कीस फिल्मवर चिकटलेला असतो आणि पुढच्या प्रत्येक तुकड्यात "सापडतो". खात्री करायची तर एखादा कोरा नमुना, म्हणजे शुद्ध सिलिका किंवा स्वच्छ टेफ्लॉनचा ठोकळा, गनसमोर ठेवा. त्यातही तांबं दिसलं तर ते तुमच्या तुकड्यात नाही, नाकावर आहे.

3. बॅटरी आणि तापमान

डिटेक्टरला आतून पेल्टिअर कूलर (विजेवर चालणारा छोटा थंडावा देणारा भाग) उणे पंचवीस-तीस अंशांच्या आसपास थंड ठेवतो. गन उन्हात तापलेल्या गाडीतून काढून लगेच वापरली, किंवा गारठ्यातून भट्टीशेजारी नेली, तर त्याला तिथवर पोचायला वेळ लागतो आणि तोवर पीक, म्हणजे आलेखावर प्रत्येक मूलद्रव्याच्या ऊर्जेला दिसणारे उंचवटे, किंचित सरकलेले असतात. पीक सरकला की गन एका मूलद्रव्याचे काउंट्स शेजाऱ्याच्या खात्यात टाकते. सकाळच्या वाकड्या रिडिंगांचं हे नेहमीचं कारण.

उपाय सोपा आहे. कामाच्या जागी गन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग ऊर्जेची तपासणी चालवा. दिवसभरात तापमान बरंच बदललं तर पुन्हा चालवा. बॅटरी शेवटच्या रेघेवर असेल तर बदला; काउंट्स कमी असल्याचा संदेश एवढ्यानेच गेलेला मी पाहिला आहे.

4. गन टेकते का?

नाक तुकड्याला सपाट टेकलं पाहिजे. पाइपच्या गोलाईवर, वेल्डच्या उंचवट्यावर किंवा खडबडीत ओतकामावर एक-दोन मिलिमीटरची फट सहज राहते. तेवढी हवा हलक्या मूलद्रव्यांना पुरेशी अडवते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती खूप लोकांना फसवते. मिश्रधातूच्या मोडमध्ये गन बहुतेक वेळा सगळ्या आकड्यांची बेरीज 100 टक्क्यांवर आणते. म्हणजे फटीमुळे काउंट्स निम्म्यावर आले तरी पडद्यावर बेरीज 100 च दिसते आणि सगळं सुरळीत वाटतं. हलकी गळाली की त्यांची जागा जड मूलद्रव्यं थोडी-थोडी वाढून भरतात. म्हणून बेरजेवर विश्वास ठेवू नका, एकूण काउंट्सकडे बघा. स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख) पाहता येत असेल तर 2.96 केईव्हीला बघा, तिथे हवेतल्या आर्गॉनचा छोटा पीक असतो. कूपनच्या तुलनेत तो तुमच्या तुकड्यावर उंचावला असेल तर फट आहे. मात्र ट्यूबचा ॲनोड (जिथून क्ष-किरण निघतात तो धातू) चांदीचा असेल तर ही खूण वापरू नका. चांदीची स्वतःची एक रेषा (ठरावीक ऊर्जेचा किरण) 2.98 ला, अगदी शेजारीच पडते.

तार, कीस, लहान स्क्रू यांचं वेगळं. तुकडा खिडकी पूर्ण झाकत नाही आणि मागचं टेबल मोजलं जातं. अशा वेळी झाकणाचा स्टँड वापरा. तुकडा बोटांनी धरून ट्रिगर दाबायचा नाही, कधीच नाही. तोंडाशी किरण सर्वांत तीव्र असतो आणि बोटं नेमकी तिथेच येतात.

5. पृष्ठभाग

कूपन बरोबर आणि तुकडा चुकीचा असेल तर मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. लोक समजतात की गन धातूच्या आत बघते. ती आत बघत नाही. पोलादातल्या सिलिकॉनचा किरण वरच्या एक-दोन मायक्रॉनमधूनच बाहेर येऊ शकतो. मॉलिब्डेनमचा किरण त्याच पोलादातून शंभरेक मायक्रॉन खोलीवरूनही बाहेर येतो. म्हणजे एकाच रिडिंगमधले आकडे वेगवेगळ्या खोलीतून आलेले असतात. वरच्या कातडीवर गंज, मिलस्केल (गरम पोलादावर बसलेला काळा ऑक्साइडचा थर), रंग, तेल किंवा वाळूचे कण असतील तर सिलिकॉनचा आकडा कातडीचा आणि मॉलिब्डेनमचा आकडा धातूचा असतो.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. जस्ताचा थर 80 मायक्रॉनचा असेल तर खालचं लोखंड जवळजवळ दिसतच नाही. गन म्हणते "जस्त", आणि ती बरोबरच असते. सोन्याच्या मुलाम्याचंही तेच: जाड मुलामा दिला की खाली काय आहे ते या यंत्राला कळत नाही, आणि तुकडा फोडल्याशिवाय किंवा दुसरी पद्धत वापरल्याशिवाय ते सांगण्याचा आव कुणी आणू नये.

म्हणून घासा. पण काय वापरून घासता यालाही महत्त्व आहे. सिलिकॉन मोजायचा असेल तर सिलिकॉन कार्बाइडचा कागद नको. त्याचे कण पृष्ठभागात रुततात. ॲल्युमिनियम मोजायचं तर ॲल्युमिनाची चकती नको. झिर्कोनियाची चकती दोन्हींसाठी बरी, फक्त मग झिर्कोनियमच्या आकड्याकडे संशयाने बघा. साध्या पोलादावर वापरलेली चकती स्टेनलेसवर लावू नका, लोखंड फासलं जातं. वाळूने ब्लास्ट केलेल्या पोलादात सिलिकॉन भरपूर निघणारच. शिशाच्या पितळेत आणखी एक अडचण: शिसं मऊ, ते घासताना पसरतं आणि पृष्ठभागावर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. तिथे हलक्या हाताने, धारदार फाईलने नवीन थर काढणं बरं.

घासल्यावर अल्कोहोलने पुसा, वाळवा, तीन वेगवेगळ्या जागी मोजा. तिन्ही जुळले तर पृष्ठभाग तयार आहे. प्रत्येक घासणीनंतर आकडा एकाच दिशेने सरकत असेल तर अजून थर शिल्लक आहे. सरकणं थांबेपर्यंत घासा.

6. मोड आणि वेळ

बऱ्याच गनमध्ये एक मोजणी दोन-तीन टप्प्यांत होते: आधी जास्त व्होल्टेजवर जड मूलद्रव्यं, मग फिल्टर बदलून कमी व्होल्टेजवर हलकी. ग्रेड पडद्यावर दिसला की लोक ट्रिगर सोडतात. दुसरा टप्पा सुरूच झालेला नसतो, आणि मग सिलिकॉन, ॲल्युमिनियम "मिळत नाही" अशी तक्रार येते. हे इतक्या वेळा घडतं की मी फोनवर विचारतो ते एवढंच: टक् असा फिल्टर बदलल्याचा आवाज ऐकू आला का?

वेळेचं गणित वर्गमुळाचं आहे. विखुरणं निम्मं करायचं तर वेळ चौपट हवा, 10 सेकंदांऐवजी 40. आकड्यापुढचं अधिक-उणे एका सिग्माचं (विखुरण्याचं माप) आहे की दोन, हे सेटिंगमध्ये पाहून ठेवा. दोन गनच्या आकड्यांवरून भांडण होतं तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच असतं.

मोडही तपासा. मातीचा मोड धातूवर किंवा धातूचा मोड मातीवर लावला तर आकडे दिसायला व्यवस्थित आणि पूर्ण निरर्थक येतात. माती-भुकटीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची 6200 ही पद्धत वाचून ठेवावी. तीत नमुना वाळवून 60 मेशच्या चाळणीतून, म्हणजे 250 मायक्रॉन खालून, काढायला सांगितलं आहे आणि तपासणीचा नमुना खऱ्या आकड्याच्या अधिक-उणे 20 टक्क्यांत यायला हवा अशी अट आहे. ओल 20 टक्क्यांपर्यंत असेल तर फरक थोडा पडतो. चिखलावर मोजाल तर आकडे खालीच येणार. भुकटीचा थरही जाड हवा, सेंटीमीटरभर तरी.

7. शेजाऱ्यांची गर्दी

इथवर सगळं नीट असूनही एखादंच मूलद्रव्य खोटं वाटत असेल तर स्पेक्ट्रम उघडा. काही जोड्या कायम एकमेकांच्या अंगावर येतात. आर्सेनिकची मुख्य रेषा 10.54 केईव्ही आणि शिशाची 10.55: गन त्यांना वेगळं बघूच शकत नाही. चांगल्या सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टरचं रिझोल्यूशन, म्हणजे शेजारच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, 140 ईव्हीच्या आसपास असतं आणि हा फरक त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. शिसं जास्त असलेल्या मातीत खोटं आर्सेनिक येतं ते म्हणून. शिशाची दुसरी रेषा 12.61 ला पाहा. ती ठळक असेल तर लहान आर्सेनिकवर विश्वास नको, नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

तसंच क्रोमियमची दुसरी रेषा मँगनीजवर, लोखंडाची कोबाल्टवर, टायटेनियमची व्हॅनेडियमवर पडते. काउंट्स फार जास्त असतील तर लोखंडाचे दोन किरण एकदम डिटेक्टरवर आदळून 12.8 ला एक खोटा पीक उभा राहतो आणि पोलादात शिसं असल्याचा भास होतो.

आणि जे या गनला दिसतच नाही ते मागू नका. कार्बनचा किरण 0.28 केईव्हीचा, तो बाहेर पोचत नाही. 316 आणि 316एल मधला फरक कार्बनचा आहे, म्हणून तो एक्सआरएफने सांगता येत नाही. तिथे स्पार्क ओईएस (ठिणगीच्या उजेडावरून मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) किंवा कार्बन मोजणारी लिब्स गन (तेच काम लेझरने करणारी) लागते. क्रोमियम सहा-संयुजी आहे की तीन, हेही ही गन सांगत नाही, फक्त एकूण क्रोमियम सांगते.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही झालं तर पुढे स्वतः प्रयत्न करू नका.

- नवी फिल्म, भरलेली बॅटरी आणि अर्धा तास स्थिर तापमान देऊनही ऊर्जेची तपासणी दोनदा नापास झाली.
- कूपनवर हलके-जड सगळ्यांचे काउंट्स वहीतल्या जुन्या आकड्यांपेक्षा बरेच खाली आले आहेत, किंवा पीक रुंदावले आहेत. ट्यूब म्हातारी होते, डिटेक्टर गळतो. दोन्ही बाहेरून दुरुस्त होत नाहीत.
- डिटेक्टरच्या खिडकीला तडा किंवा भोक दिसतंय.
- गन पडली आहे, मग ती नीट चालत असली तरी. कवचाला तडा गेला असेल तर किरणांच्या गळतीची मोजणी झाल्याशिवाय ट्रिगर दाबू नये.
- किरण चालू असल्याचा दिवा लागत नाही, ट्रिगर सोडूनही मोजणी थांबत नाही, किंवा समोर काही नसताना किरण बंद होत नाही. अशा वेळी बॅटरी लगेच काढा, गन कुलपात ठेवा, किरणसुरक्षा अधिकाऱ्याला कळवा.

कवच उघडू नका. समोर तुकडा आहे की नाही ते बघणाऱ्या सेन्सरवर चिकटपट्टी लावून त्याला फसवण्याची युक्ती कुणी दाखवली तर ऐकू नका. तो सेन्सर तुमच्या हातासाठी आहे. आत हजारो व्होल्ट असतात. कुणाच्या अंगावर किरण पडल्याची शंका असेल तर त्रास होत नाही म्हणून गप्प बसू नका, कारण त्वचेवरचा परिणाम काही दिवसांनी दिसू शकतो.

सर्व्हिसला पाठवताना सोबत हे द्या: कूपनची शेवटची दहा रिडिंगं, दोष दिसतो त्या तुकड्याचा स्पेक्ट्रम, मोड आणि वेळ, सॉफ्टवेअरची आवृत्ती, दोष आला तेव्हाचं तापमान, आणि गन पडली असेल तर ते स्पष्ट. परत आल्यावर त्याच कूपनवर, त्याच वेळेत, सात रिडिंगं घ्या आणि वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा. जुळली नाहीत तर पावतीवर सही करण्याआधी फोन करा.